भाषेचा तास आणि भ्यालेले मूल

जूनच्या मध्यास शाळा उघडतात आणि पहिल्या काही आठवड्यांतच भाषेच्या तासाला पाऊस येतो. पावसाची कविता, पावसावरील पाठ, ‘पावसाळ्यातील एक दिवस’ हा निबंध, ही मराठी शाळेची फार जुनी वहिवाट आहे. पुस्तकातील पाऊस बहुधा आनंदी असतो. त्यात कागदाच्या होड्या असतात, मोर असतो, इंद्रधनुष्य असते. महाड व पोलादपूर या दोन तालुक्यांतील मुलांना हा पाऊस ठाऊक नाही असे नाही. परंतु त्यांना दुसराही एक पाऊस ठाऊक आहे.

सावित्री नदी महाबळेश्वरी उगम पावते, पोलादपुरावरून महाडास येते, आणि तेथे गांधारी तिला मिळते. २३ जुलै २०२१ रोजी सकाळी संपलेल्या चोवीस तासांत महाबळेश्वर येथे सुमारे ५९४ मिलिमीटर पाऊस मोजला गेला. त्याच सुमारास महाड शहरात पुराचे पाणी शिरले. २२ जुलै रोजी महाड तालुक्यातील तळिये येथे दरड कोसळून ऐंशीहून अधिक माणसे गेली. पोलादपूर तालुक्यात केवनाळे व साखर-सुतारवाडी येथेही दरडीखाली माणसे दगावली. त्यापूर्वी जुलै २००५ मध्ये जुई, दासगाव, रोहन, कोंडिवते या गावांवर असाच प्रसंग ओढवला होता. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री सावित्रीवरील जुना दगडी पूल वाहून गेला आणि त्याबरोबर प्रवाशांसह दोन एस. टी. गाड्या गेल्या. २०२१ साली पहिलीत असलेली मुले आज वरच्या इयत्तांत पोचली आहेत. त्यांच्या पाठची भावंडे तेव्हा अंगावर पीत असतील किंवा जन्मलीही नसतील. तथापि रात्री पावसाचा जोर वाढला की घरातील मोठी माणसे उठून बसतात, डोंगराकडे कान लावतात, एकमेकांशी हळू आवाजात बोलतात, हे ती मुले पाहतात. ज्याने दरड पाहिली नाही असे मूलही दरडीची भीती घरातूनच शिकते.

अशा वर्गात शिक्षक फळ्यावर निबंधाचा विषय लिहितात. तीस मुलांपैकी काही मुले पाच-सहा ओळी लिहितात. त्यांपैकी बऱ्याच ओळी पाठातून आलेल्या असतात. दोन-तीन मुले काहीच लिहीत नाहीत. पेन्सिलीचे टोक चावत बसतात, किंवा पाणी पिण्यास म्हणून उठून जातात. वर्णनात्मक नोंदींच्या वहीत अशा मुलापुढे ‘लेखनाचा सराव आवश्यक’ असे लिहिले जाते. नोंद करणाऱ्याचा हेतू वाईट नसतो. मात्र ज्याला सांगण्यासारखे काही नव्हते असे मूल आणि ज्याला सांगण्यासारखे फार होते असे मूल, ही दोन्ही त्या नोंदीत एकाच मापाने मोजली जातात. या दोहोंतील भेद ओळखता येणे हे भाषाशिक्षकाच्या कामाचे अंग आहे, आणि गेल्या चाळीस-पन्नास वर्षांत मेंदूविषयी जे संशोधन झाले त्याचा काही भाग या कामी उपयोगी पडण्यासारखा आहे.

मेंदूत खोलवर, दोन्ही कानशिलांच्या आतील बाजूस, बदामाच्या आकाराचा एकेक लहान पेशीपुंज असतो. त्यास अमिग्डला म्हणतात. धोक्याची चाहूल लागताच शरीराला सावध करण्याच्या कामात त्याचा मोठा वाटा असतो. काळीज धडधडू लागते, श्वास जलद होतो, तळहात ओले होतात, रक्तात कॉर्टिसॉलसारखी द्रव्ये वाढतात. अमिग्डलाच्या शेजारीच हिप्पोकॅम्पस नावाचा भाग आहे. नव्या गोष्टी स्मृतीत रुजविण्याचे काम त्याच्याशी निगडित आहे, आणि कॉर्टिसॉलचा परिणाम त्यावर विशेष होतो. कपाळाच्या मागील भागाकडे विचार करणे, लक्ष एकवटणे, चूक आवरून धरणे ही कामे असतात. येल विद्यापीठातील एमी आर्नस्टेन यांच्या दीर्घ संशोधनातून असे दिसून आले आहे की, माणसास आवरता न येणारा ताण उत्पन्न झाला म्हणजे कपाळामागील या भागाचे काम झपाट्याने मंदावते आणि सवयीने व सहजप्रेरणेने चालणारे भाग पुढे सरसावतात. साप पायाशी आला असता विचार करीत बसणारा मनुष्य वाचत नाही. म्हणून ही व्यवस्था शरीराच्या हिताचीच आहे. अडचण एवढीच की, वर्गात साप नसतो, आणि जोडाक्षर लिहिण्यास नेमका तोच मंदावलेला भाग लागतो.

येथे एक गोष्ट नीट समजून घेतली पाहिजे. भीतीमुळे स्मृती सर्वस्वी नष्ट होते असे नाही. उलट भीतीचा प्रसंग स्वतः फार खोल कोरला जातो. पुराच्या रात्री आजीने कोणते पातळ नेसले होते हे मुलास आठवते. त्याच आठवड्यात शिकविलेली कविता मात्र आठवत नाही. शिक्षकास हे विसंगत वाटते. वस्तुतः दोन्ही गोष्टी एकाच कारणातून निघालेल्या असतात.

दुसरी गोष्ट मनाच्या तात्पुरत्या साठवणीविषयी. वाक्य वाचताना पहिला शब्द मनात धरून शेवटच्या शब्दापर्यंत जावे लागते. ही धरून ठेवण्याची जागा फार लहान आहे. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ नेल्सन कोवान यांनी २००१ साली केलेल्या विवेचनानुसार ती प्रौढांच्या ठिकाणीही सुमारे चार घटकांएवढीच असते. मुलांत त्याहून कमी. नवशिक्या वाचकाची ही सर्व जागा अक्षरे जुळविण्यातच खर्च होत असते. त्यात ‘चुकलो तर सगळे हसतील’ हा विचार येऊन बसला, किंवा छपरावर पावसाचा आवाज वाढला, की वाक्याचा पूर्वार्ध उत्तरार्ध येण्यापूर्वीच निसटतो. मूल प्रत्येक शब्द बरोबर वाचते आणि अर्थ विचारला असता गप्प राहते, याचे एक कारण हे असू शकते.

मेंदूशास्त्राचे नाव घेऊन हल्ली पुष्कळ गोष्टी विकल्या जातात, त्यांपासून शाळांनी सावध असावे. मनुष्य मेंदूचा केवळ दहावा हिस्सा वापरतो, काही मुले डाव्या मेंदूची व काही उजव्या मेंदूची असतात, प्रत्येक मुलाची डोळ्यांनी किंवा कानांनी शिकण्याची वेगळी जात असते, ही विधाने संशोधनाच्या कसोटीस उतरलेली नाहीत. अमिग्डला म्हणजे ‘भीतीचे केंद्र’ असे सरसकट म्हणणेही ठीक नाही. या क्षेत्रातील अग्रणी संशोधक जोसेफ लेडू यांनीच तसा इशारा दिलेला आहे. मेंदूची छायाचित्रे पाहून उद्याच्या पाठाचे टाचण काढता येत नाही. चांगल्या शिक्षकांनी अनुभवाने जे जाणले होते त्याचे कारण कळते, आणि मुलावर ठेवला जाणारा आळशीपणाचा किंवा मठ्ठपणाचा ठपका पुष्कळदा निराधार ठरतो. आजच्या घडीला एवढा लाभ पुरेसा मानावा.

हा ठपका सर्वांत अधिक बसतो तो मुलाच्या बोलीवर. पावसाची भीती वर्षातून चार महिने असते. बोलीची लाज बारमाही असते. या दोन तालुक्यांतील घरांतून बोलली जाणारी मराठी एक नाही. खाडीकाठची बोली वेगळी, घाटाच्या पायथ्याच्या वाड्यांवरील वेगळी. कोकणी मुसलमान कुटुंबांची बोली, धनगरवाड्यांवरील बोली, आणि काटकऱ्यांची कातोडी, या सर्वांचे आपापले वळण आहे. ग्रियर्सन यांच्या भारतीय भाषा-सर्वेक्षणाच्या १९०५ साली प्रसिद्ध झालेल्या सातव्या खंडात कोकणपट्टीतील अशा कितीतरी बोलींचे नमुने नोंदलेले आहेत. याचा अर्थ शंभराहून अधिक वर्षांपूर्वी या बोलींना अभ्यासाच्या ग्रंथात स्थान मिळाले होते. वर्गात मात्र ‘पानी’, ‘लोनी’, ‘इस्तो’ असे शब्द उच्चारताच ‘अशुद्ध’ हा शेरा अजून ऐकू येतो.

कॅनडातील जॅनेट वर्कर व रिचर्ड टीस यांनी १९८४ साली प्रसिद्ध केलेला एक प्रयोग या संदर्भात लक्षात घेण्यासारखा आहे, विशेषतः त्यात आपल्याकडील ‘त’ व ‘ट’ हे वर्ण होते म्हणून. इंग्रजी बोलणाऱ्या घरांतील सहा ते आठ महिन्यांच्या बहुतेक बालकांना हिंदीतील ‘त’ आणि ‘ट’ यांतील भेद ऐकू येत होता. दहा ते बारा महिन्यांच्या वयात तो फारच थोड्यांना ऐकू येई, कारण त्यांच्या घरच्या भाषेत त्या भेदाला काम नव्हते. हिंदी घरांतील बालके मात्र तो भेद राखून होती. म्हणजे मूल चालू लागण्याच्या सुमारासच त्याचा कान घरच्या भाषेला जुळविला गेलेला असतो. ज्या घरात ‘न’ आणि ‘ण’ यांचे काम एकाच वर्णाने भागते, तेथील मुलास ‘पाणी’ व ‘पानी’ यांतील भेद एकदम ऐकू आला नाही तर तो त्याच्या जिभेचा हट्ट नव्हे. तो भेद शिकविता येतो. पण तो प्रथम कानाला शिकवावा लागतो, आणि भ्यालेल्या कानास शिकविणे कठीण.

ज्या महाडात २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या नेतृत्वाखाली चवदार तळ्याचे पाणी सर्वांचे आहे असे हजारो माणसांनी ओंजळीने सांगितले, तेथे एखाद्या मुलाने पाण्यास ‘पानी’ म्हटल्यावरून त्यास वर्गात खाली पाहावयास लागावे, हे बरे दिसत नाही.

उपाय साधा आहे आणि अनेक शिक्षक तो नकळत करीतही असतात. मूल म्हणाले, “गुरुजी, पानी इला,” तर शिक्षकाने मजकुराला उत्तर द्यावे: “पाणी आले का? कुठवर आले?” मुलाचे वाक्य मोडले जात नाही, प्रमाण रूप त्याच्या कानी पडते, आणि संभाषण पुढे जाते. आठवड्यातून एखाद्या दिवशी फळ्याचे दोन भाग करावे. एका भागात घरचा शब्द, दुसऱ्या भागात पुस्तकातला शब्द. घरचे शब्द मुलांनीच सांगावे, त्यांत शिक्षकास ठाऊक नसलेले शब्द निघतात, आणि शिक्षक ते आपल्या वहीत उतरून घेत आहेत हे पाहून मुलांच्या चेहऱ्यावर जो पालट होतो तो पाहण्यासारखा असतो. पहिली-दुसरीत कातोडी बोलणारी मुले असतील तर गोष्ट प्रथम त्यांच्यातील मोठ्या मुलीने आपल्या बोलीत सांगावी व मग पुस्तकात वाचावी. डहाणूच्या परिसरात ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डी येथे व १९५७ पासून कोसबाड येथे जे काम केले, त्यातही शाळेने मुलाच्या अंगणात जावे हाच विचार होता. अंगणात गेल्यावर अंगणाची भाषा कानाआड करता येत नाही.

वाचनाच्या आरंभीही मुलाला उगाच ओशाळे व्हावे लागते असे काही प्रसंग आहेत. बोलण्यासाठी मेंदूची घडण लक्षावधी वर्षे होत आली; लेखनकला जेमतेम पाच हजार वर्षांची आहे. म्हणून वाचनाचा वेगळा अवयव मेंदूत उपजत नसतो. फ्रान्समधील स्तानिस्लास देहान यांनी दाखविल्याप्रमाणे, वस्तू व चेहरे ओळखणाऱ्या भागाशेजारचा डाव्या बाजूचा एक पट्टा अक्षरे ओळखण्याच्या कामी नव्याने लावला जातो. उत्तर प्रदेशातील खेड्यांत निरक्षर प्रौढांसह केलेल्या व २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे आढळले की, देवनागरी वाचता येऊ लागल्याने चेहरे ओळखण्याची शक्ती कमी होत नाही. जुन्या कामाबरोबर नवे काम जोडले जाते. हे जोडकाम होईतो चुका व्हावयाच्याच. पेला उजवीकडे तोंड करून असो वा डावीकडे, तो पेलाच असतो. तेव्हा उलटसुलट दिसणाऱ्या आकृती एक मानण्याची सवय मेंदूला आधीपासून असते. अक्षरांच्या बाबतीत ही सवय मोडावी लागते. मुलाने अक्षर उलटे काढले म्हणजे त्याने दुर्लक्ष केले असे नव्हे.

देवनागरीची स्वतःची एक खोच आहे. ‘कि’ लिहिताना वेलांटी आधी दिसते, उच्चार मात्र नंतर येतो. उकार खाली, मात्रा वर, रफार पुढच्या अक्षराच्या डोक्यावर. डोळ्याला एका रेषेत सरळ जाता येत नाही. वर, खाली, मागे असे फिरावे लागते. घ व ध, भ व म, व व ब यांतील फरक एखाद्या गाठीचा किंवा रेघेचा. एवढा भार असता मुळाक्षरांचा संपूर्ण तक्ता ‘क’पासून ‘ज्ञ’पर्यंत घोकून घेणे आणि त्यानंतर बाराखडी सुरू करणे, यात अर्थाची गाठ पडण्यास महिनेच्या महिने जातात. ‘ङ’ आणि ‘ञ’ या वर्णांपासून सुरू होणारा एकही शब्द मुलाच्या तोंडी नसतो. अमेरिकेहून येऊन फलटण येथे स्थायिक झालेल्या भाषाभ्यासक मॅक्सीन बर्नसन यांनी थोडी अक्षरे व एखादे स्वरचिन्ह घेऊन लगेच अर्थपूर्ण शब्द वाचविण्यावर भर दिला. क, म, ल ही तीन अक्षरे आणि काना एवढ्यावर काम, माल, लाल, कमल, काका, मामा हे शब्द होतात. ज्याचा काका मुंबईस आहे त्या मुलाने पहिल्याच आठवड्यात ‘काका’ हा शब्द वाचला, तर वाचन ही आपल्या घरातील माणसांना गाठण्याची वाट आहे हे त्याला कोणी सांगावे लागत नाही.

हाताने लिहिण्याचे महत्त्व कमी लेखू नये. अमेरिकेतील कॅरिन जेम्स यांनी २०१२ साली पाच वर्षे वयाच्या, अजून वाचू न लागलेल्या मुलांवर केलेल्या अभ्यासात असे दिसले की, जी अक्षरे मुलांनी स्वतः हाताने काढली ती पाहताना मेंदूतील वाचनाचे भाग जागे होत. कळ दाबून उमटविलेल्या किंवा ठिपक्यांवरून गिरविलेल्या अक्षरांच्या बाबतीत तसे होत नसे. समर्थ रामदासांनी दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकाचा पहिलाच समास लेखनक्रियेस वाहिला आहे, आणि दासबोधाचे लेखन जेथे झाले असे परंपरा सांगते ती शिवथरघळ महाड तालुक्यातच आहे. वळणदार अक्षरासाठी मुलांची सहल काढावयाची झाल्यास लांब जाण्याचे कारण नाही.

आता पुन्हा पावसाकडे व त्या कोऱ्या पानाकडे वळावयाचे. भीतीमुळे भाषा अडते हे वर आले. तथापि भाषेने भीती उतरते, ही याची दुसरी बाजू आहे, आणि भाषाशिक्षकाच्या हाती असलेले खरे साधन तेच होय. लॉस एंजेलिस येथील मॅथ्यू लिबरमन व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ साली प्रौढ व्यक्तींवरील एक प्रयोग प्रसिद्ध केला. भयभीत किंवा संतप्त चेहऱ्यांची चित्रे दाखवून काही वेळा त्या भावनेचे नाव निवडावयास सांगितले, काही वेळा त्या चेहऱ्यास शोभणारे माणसाचे नाव निवडावयास सांगितले. भावनेस नाव देताना अमिग्डलाची हालचाल कमी झालेली आढळली आणि कपाळामागील उजव्या भागाची वाढलेली. भावनेला शब्द सापडला की तिचा जोर थोडा ओसरतो असा याचा अर्थ करता येतो. अर्थात प्रयोगशाळेतील चित्र आणि दरडीत गेलेले घर यांत फार अंतर आहे, हे विसरू नये.

मराठीत भीतीला एक नाव नाही. धास्ती, धडकी, धसका, हुरहूर, काळजी, दचका, भेदरणे, बावरणे, गांगरणे, या प्रत्येकाचे क्षेत्र वेगळे आहे. धडकी क्षणात भरते. धसका मनात घर करून बसतो. धास्ती पुढे काय होईल याची असते. शिवाय आपले वाक्प्रचार भावनेला शरीरात जागा देतात: पोटात गोळा येणे, काळजात धस्स होणे, हातपाय गळणे, घशाला कोरड पडणे, अंगावर काटा उभा राहणे, जीव टांगणीला लागणे. फिनलंडमधील संशोधकांनी २०१४ साली माणसांकडून शरीराच्या आकृतीवर कोणती भावना कोठे जाणवते ते रंगवून घेतले, तेव्हा निरनिराळ्या भावनांचे निरनिराळे नकाशे तयार झाले. मराठी बोलणाऱ्यांनी असा नकाशा पिढ्यान्‌पिढ्या तोंडी जपलेला आहे.

असे असून वाक्प्रचारांचा पाठ मात्र शाळेत अगदी कोरडा होतो. ‘अर्थ सांगून वाक्यात उपयोग करा’ असा प्रश्न येतो, आणि मुले मार्गदर्शिकेतील वाक्य पाठ करतात. ‘वाघ पाहून रामूच्या पोटात गोळा आला.’ रामूने वाघ पाहिलेला नसतो, वर्गातील कोणीही पाहिलेला नसतो. त्याऐवजी वहीच्या पानावर माणसाची एक साधी आकृती काढावी आणि पोटात, घशात, छातीत, पायांत काय होते ते कधी होते, एवढेच मुलांस विचारावे. कोणी म्हणेल, गणिताच्या परीक्षेत. कोणी म्हणेल, रात्री लाईट गेल्यावर. कोणी म्हणेल, बाबांचा फोन लागत नाही तेव्हा. जे मूल पावसाचे नाव घेईल त्याला अधिक खोदून विचारू नये. ‘होय, तेव्हा तसे होते’ एवढे म्हणून त्याचा शब्द इतरांच्या शब्दांबरोबर फळ्यावर लिहावा. आपली भीती फळ्यावर इतरांच्या भीतीशेजारी, त्याच खडूने, तेवढ्याच आकारात लिहिलेली दिसणे यात मुलाला मोठा दिलासा असतो. शिक्षकांनी आपलाही एखादा शब्द त्या यादीत घालावा. पुराचा चिखल त्यांच्याही घरातून निघालेला असतो.

जुलै महिन्यात पावसाच्या निबंधाची सक्ती करू नये. विषय टाळावा असे मात्र नाही. टाळलेल्या विषयाभोवती मुलांची कुजबूज चालूच राहते. तीन-चार विषय द्यावे व निवड मुलांवर सोपवावी: आमच्या घराचे छप्पर, नदीचा आवाज, लावणीचा दिवस, आजी पावसाविषयी काय सांगते. शेवटच्या विषयात मूल स्वतःविषयी न बोलताही पुष्कळ बोलू शकते. आधी बोलणे व नंतर लिहिणे हा क्रम ठेवावा. ज्याला लिहिता येत नाही त्याने चित्र काढून खाली एक शब्द लिहिला तरी चालेल. बोलताना एखादे मूल रडू लागल्यास पाठ आवरता घेण्याची घाई करू नये, आणि सर्व वर्गाचे लक्ष त्याच्याकडे वळेल असेही करू नये. शेजारच्या मुलास त्याच्याजवळ बसू द्यावे. पावसाच्या आधी, जूनमध्येच, ‘धोक्याची घंटा वाजल्यावर आम्ही काय करतो’ यावर मुलांकडून चार-पाच आज्ञार्थी वाक्ये तयार करून घ्यावी व ती भिंतीवर लावावी. आज्ञार्थाचा पाठ होतो, आणि ज्या भीतीपुढे काहीच करता येत नाही असे वाटत होते, तिच्यापुढे निदान कोणत्या वाटेने कोठे जावयाचे हे ठाऊक होते. आवरता न येणारा ताण व आवरता येण्याजोगा ताण यांतील भेद मेंदूशास्त्राने वारंवार दाखविला आहे.

दिवाळीनंतर कोळशाच्या व विटांच्या भट्ट्यांवर जाणाऱ्या काटकरी कुटुंबांतील मुलांचा प्रश्न वेगळा आहे. ती परत येतात तेव्हा अक्षरे विसरलेली असतात आणि लाज आणखी वाढलेली असते. शिकलेले पुन्हा नुसते वाचण्यापेक्षा ते आठवून पाहिल्याने अधिक टिकते, हे रोडिगर व कार्पिक यांनी २००६ साली दाखविले आहे. म्हणून अशा मुलांस पुन्हा पहिल्या पानापासून न बसविता, काय आठवते ते दररोज पाच मिनिटे खेळातून काढून घ्यावे. पुष्कळदा बरीच आठवण शिल्लक असते. ती दडपलेली असते एवढेच. भट्टीवर काय पाहिले हाच त्यांच्या पहिल्या आठवड्याचा भाषेचा विषय असावा.

बालकांच्या शिक्षणहक्काच्या २००९ च्या अधिनियमातील कलम २९ मध्ये मुलास भय, मानसिक आघात व चिंता यांपासून मुक्त ठेवावे, त्यास आपले मत मोकळेपणी मांडण्यास साहाय्य करावे, आणि शक्य तेथवर शिक्षण मातृभाषेतून द्यावे, ही अपेक्षा एकापाठोपाठ नमूद आहे. त्या तिन्ही गोष्टी शेजारी शेजारी आल्या हे योग्यच झाले. मात्र शिक्षक हा वैद्य नव्हे. एखादे मूल अनेक आठवडे बोलत नसेल, झोपेत किंचाळून उठत असेल, अन्न टाकीत असेल, तर पालकांना विश्वासात घेऊन शाळा-आरोग्य तपासणीच्या पथकास किंवा ग्रामीण रुग्णालयास कळवावे. टेलि-मानस या शासकीय सेवेच्या १४४१६ या क्रमांकावरही सल्ला मिळतो.

राहिली वही तपासण्याची गोष्ट. ज्या लेखनात मुलाने आपल्या घरातील भीतीविषयी किंवा गेलेल्या माणसाविषयी लिहिले असेल, त्यावर तांबड्या शाईने ऱ्हस्वदीर्घाच्या खुणा करू नयेत. खाली एक-दोन वाक्यांत मजकुराला उत्तर लिहावे, जसे पत्राला लिहितात. त्यातील चुका शिक्षकांनी आपल्या टाचणवहीत टिपून ठेवाव्या आणि आठ दिवसांनी, दुसऱ्याच वाक्यांतून, सर्व वर्गास शिकवाव्या. लेखन भिंतीवर लावावयाचे की नाही हे मुलाला विचारावे. नको म्हणाल्यास वही त्याच्या दप्तरात परत जाऊ द्यावी.